उदयसिंह मान्यांचं वाऱ्याशी भांडण

उदयसिंह मान्यांना राग येतो, असं म्हणणं चुकीचं आहे. राग त्यांच्याकडे राहायलाच असतो. आनंद, काळजी, माया वगैरे मंडळी पाहुण्यासारखी येतात, चहा घेतात आणि निघतात. घरचा माणूस एकच.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांचा आवाज सातही मजल्यांवर राहतो. लिफ्ट बंद पडली की ते बोलतात ते लिफ्टला. "तुला महिन्याला मेन्टेनन्स कशाचा देतो गं आमी?" असं दार ठोकून विचारतात, आणि देवाशपथ, दहा-पाच मिनिटांत ती चालू होते. सेक्रेटरी जयप्रकाश हल्ली मेकॅनिकच्या आधी त्यांनाच बोलावतात.

उदयसिंहांचं गाव माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या कोरड्या कडेला. मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला आले, मार्केटात पाठीवर कांद्याच्या गोणी वाहिल्या, आणि आज तुर्भ्याच्या घाऊक बाजारात त्यांचा स्वतःचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे. अंधारात घर सोडतात, दुपारी जेवायला परत. तेव्हा शर्टावर, मिशीत, कधी कधी भुवईतसुद्धा कांद्याची टरफलं अडकलेली असतात. सुनयनावहिनी म्हणतात, "ह्यांना आंघोळीला पाठवायच्या आधी झटकावं लागतं."

अशा माणसाचा आणि विंडसर्फिंगचा संबंध यायचं काही कारण नव्हतं. तो आला त्यांच्या मुलीमुळे.

ज्ञानेश्वरी कॉलेजच्या सहलीबरोबर मालवणला गेली होती. तिथे तीन दिवस तिने एका लांबरुंद फळीवर उभं राहून, फळीला जोडलेलं शीड दोन्ही हातांनी धरून, वाऱ्याच्या जोरावर पाणी कापलं. शिकवणारे सर म्हणाले, "तुझे पाय फळीला धरून राहतात. पावसाआधी सराव करून ये, दिवाळीनंतरच्या शिबिरात घेतो. पण वळून परत येता आलं पाहिजे हां. नुसते पुढे जाणारे माझ्याकडे ढीगभर आहेत."

म्हणजे हातात होता फक्त उन्हाळा. जूनमध्ये खाडीवर कोण जाऊ देणार?

ती आधी मुंबईच्या बाजूच्या एका क्लबात चौकशी करून आली. तिथल्या गृहस्थांनी नाव, गाव विचारलं. मग वडील काय करतात ते विचारलं. तिने सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "कांदा-बटाटा? अच्छा, अच्छा." आणि मग जागा नसल्याचं कळवलं.

हे तिने जेवताना घरी सांगितलं आणि आम्हां सर्वांना आपापल्या घरी ऐकू आलं, म्हणजे त्यावर वडील काय म्हणाले ते.

"दोनदा अच्छा? एकदा म्हनला आस्ता तर सोडला आस्ता मी! आगं, तीन बाजूंनी पानी हाय ह्या गावाला. त्ये काय त्या अच्छावाल्याच्या बापानं भरून ठिवलंय? माजी पोर हितंच शिकंल. आपल्या खाडीत!"

आठवड्याभरात गोव्यातल्या कुणाचीतरी जुनी फळी आणि शीड बेळगावच्या बटाट्याच्या ट्रकवर बसून तुर्भ्याला आलं. उतरवताना माथाडी पोरांनी विचारलं, "दादा, ह्याची हमाली बटाट्यात धरू का कांद्यात?" त्यांना काय उत्तर मिळालं ते इथे छापता येणार नाही.

आता फक्त जागा शोधायची होती.

नवी मुंबईत पाणी शोधायला निघालेल्या माणसाचा राग मी समजू शकतो, कारण तो मलाही येतो. आमच्या इमारतींच्या जाहिरातीत पाणी असतं. बाल्कनीतून पाणी दिसतं आणि त्या दिसण्याचे चौरस फुटामागे वेगळे पैसे पडतात. पण त्या पाण्यात घोटा बुडवून दाखवा! मध्ये भिंत, भिंतीपलीकडे नाला, नाल्यापलीकडे कांदळवन, कांदळवनापलीकडे चिखल, आणि चिखलापलीकडे पाणी, तेही त्याला वेळ असेल तेव्हा. मासा ज्या गावात दारात येतो त्या गावातली पोरं पोहायला शिकतात निळ्या फरशीच्या टाकीत, शिट्टी वाजली की बाहेर. समुद्राकाठी राहून समुद्राची ओळख नसलेली अशी दुसरी वस्ती दाखवून द्या.

तर उदयसिंह रोज दुपारी, जेवण झालं की मुलीला स्कूटरवर मागे बसवून जागा बघायला निघू लागले. वेळ मोठी सोयीची होती. मार्केट आटपतं तेव्हाच इथला वारा उठतो. सकाळी खाडीवर पान हलत नाही. ऊन वर आलं, जमीन तापली की पश्चिमेकडून पाण्यावरचा गार वारा आत यायला लागतो आणि दिवस कलेपर्यंत वाहतो. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत त्याचा भरवसा धरावा.

पाण्याचा मात्र धरू नये. वाशीला ते गेले तेव्हा ओहोटी होती. उदयसिंह "हितं तर जमीनच हाय" म्हणून दोन पावलं पुढे गेले आणि मांडीपर्यंत आत. बाहेर आले, पण एक चप्पल खाडीने ठेवून घेतली. ऐरोलीकडे लांब नळीचे कॅमेरे लावून बसलेली माणसं होती. त्यांनी ओठावर बोट ठेवून सांगितलं की फ्लेमिंगो बिचकतील. उदयसिंह बोट न ठेवता म्हणाले, "मी बी बिचकतो! मला कोन बघायला येतंय?" सगळे फ्लेमिंगो उडाले. फोटो फार सुंदर आले म्हणतात.

मग ज्ञानेश्वरीने मोबाईलवर भरतीच्या वेळा काढल्या. पौर्णिमा-अमावस्येला खाडी दुपारी बाराच्या सुमाराला भरते आणि मग रोज थोडी थोडी उशिरा. म्हणजे त्यानंतरचे तीन-चार दिवस वारा आणि पाणी एकाच वेळी हजर. सुनयनावहिनी कॅलेंडरकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तुमचा पोहण्याचा मुहूर्त माझ्या संकष्टीलाच होय? मी उपाशी आणि तुम्ही खाडीत. वा!"

दिवस सापडले. वाऱ्याची परीक्षा मात्र उदयसिंहांनी स्वतःकडे ठेवली, आणि इथेच घोटाळा झाला.

माणदेशात उन्हाळ्याच्या तोंडाला खळ्यावर ज्वारी उफणतात. एकाने तिपाईवर उभं राहायचं, खालून दुसऱ्याने पाटी द्यायची, वरच्याने ती वाऱ्यात सावकाश सोडायची. दाणे पायाशी पडतात, भुसकट उडून जातं. वारा पडला की सगळं खळं वर तोंड करून बसतं. उदयसिंहांचं पोरपण त्या तिपाईवर गेलं. चांगला वारा कोणता हे आपल्याहून पक्कं कुणाला ठाऊक नाही, असं त्यांचं मत आहे. चांगला वारा एकसारखा असतो, आणि तो उडवलेलं भुसकट नेतो ते नेतोच. जो वारा ते तोंडावर परत आणतो, साफ केलेल्या राशीत पुन्हा कचरा घालतो, त्याला त्यांच्या गावात जे शब्द आहेत त्यातला सौम्य शब्द म्हणजे हलकट.

म्हणून ते गाळ्यावरून पिशवीभर कांद्याची टरफलं आणत. जागेवर पोचलं की काठावर उभं राहायचं, हात उंच करायचा आणि मूठ सोडायची.

सेक्टरातल्या तलावावर टरफलं गोल गोल फिरून एका आजोबांच्या कमंडलूएवढ्या टिफिनमध्ये पडली. चहूबाजूंनी टॉवर, वारा त्यांच्यावर आपटून भोवंडून खाली येत होता. "वारं हाय का दारुडा?" म्हणून ती जागा बाद.

नेरूळच्या खाडीकाठी, जुन्या धक्क्याशेजारी वाळू-खडीचा एक छोटा उतार आहे. तिथे पाणी काठापर्यंत आलेलं होतं, मोकळी पश्चिम समोर होती. उदयसिंहांनी मूठ सोडली आणि सगळी टरफलं त्यांच्याच तोंडावर.

"हलकट," ते थुंकत म्हणाले.

"पप्पा, इथे मस्त आहे," ज्ञानेश्वरी म्हणाली. "वारा पाण्यावरून आपल्याकडे येतोय."

"माज्या नरड्यात टरफल गेलं आन तुला मस्त वाटतंय?"

"सर म्हणाले होते, शिकणाऱ्याने काठाकडे येणारा वारा बघायचा."

"तुज्या सरानं खळं बगितलंय का कदी?"

"खळ्याचा काय संबंध?"

"वाऱ्याचा आन खळ्याचा संबंध न्हाई? मग कुनाचा हाय, वायफायचा?"

आणि ती जागाही बाद झाली.

शेवटी एका दुपारी त्यांनी फळी-शीडही टेम्पोत घालून नेलं, आणि बेलापूरच्या बाजूला, पनवेलची खाडी वळण घेते तिथे, त्यांना मनासारखा वारा मिळाला. तो गावाकडून पाठीवर येत होता. मूठ सोडली, टरफलं पाण्यावरून सरळ रांगेत निघाली आणि पलीकडच्या काठाकडे दिसेनाशी झाली. एकही परत आलं नाही. उदयसिंहांच्या चेहऱ्यावर आनंद पाहुणा म्हणून आला.

"ह्याला म्हंत्यात वारं! उतर."

"मी नाही उतरणार," ज्ञानेश्वरी म्हणाली. "हा वारा आपल्याला घेऊन जाईल."

"मग न्यायलाच आसतंय की वारं! का बसून ऱ्हायला? भितीस तू."

"भीत नाही. कळतंय म्हणून उतरत नाही."

"मग मी दावतो."

माणसाला बावन्नाव्या वर्षी कुणी काही दाखवायला सांगितलेलं नसतं. पण तिने बळेच चढवलेलं लाईफ जॅकेट छातीवर आवळून उदयसिंह पाण्यात शिरले. विहिरीत पोहलेलं शरीर, गोणी वाहिलेले खांदे. पडले, चढले, शिव्या दिल्या, पडले, चढले. आणि मग शीड वर आलं, वारा पाठीत बसला आणि फळी सुटली. काठावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. उदयसिंह वळून न बघता ओरडले, "बगितलं का? ह्याला म्हंत्यात—"

काय म्हणतात ते नीट ऐकू आलं नाही. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज लहान लहान होत चालला होता.

"पप्पा, शीड सोडा!" ज्ञानेश्वरी काठावरून धावत ओरडत होती. "पाण्यात टाकून द्या!"

सोडणार कसे? जो माणूस ओझं न सोडता मुंबईत टिकला, त्याच्या बोटांना सोडायचं कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी उलट आणखी घट्ट धरलं आणि वाऱ्याला आणखी बरं वाटलं. खाडी ओलांडून, पलीकडच्या कांदळवनाच्या चिखलात फळीचं नाक रुतलं तेव्हाच ते थांबले. इकडून फक्त एक हलणारा हात दिसत होता. तो मदतीसाठी हलत नव्हता, हे ओळखीच्या माणसाला लांबूनही कळत होतं.

दिवाळे गावचे हिराजी कोळी होडी घेऊन परतत होते. त्यांनी उदयसिंहांना आणि फळीला चिखलातून उपटलं.

"यो काय हाय, दादा?"

"विंडसर्फिंग."

"बसाला जागा नाय त्याला?"

"उबं ऱ्हायाचं आसतंय!"

"बरां. अन पल्याड काय काम व्हतां?"

"काय काम न्हवतं!"

हिराजींनी थोडा विचार केला. "पूल हाय ना, दादा. बस बी जाते."

इकडच्या काठाला लागेपर्यंत हिराजी उदयसिंहांकडे न बघता होडी हाकत राहिले. होडीत बसलेल्या कोळंब्यासुद्धा जपून होत्या.

घरी आल्यावर मात्र भरती आली. फळी विकायची. पाण्याचं नाव काढायचं नाही. मालवणच्या सराचा नंबर मोबाईलातून काढायचा. ज्ञानेश्वरी उलट एक शब्द बोलली नाही, आणि त्या दिवसापासून तर बोललीच नाही. ताट समोर ठेवायची, दार लावून घ्यायची. तिचा राग बापाचाच, फक्त आवाज काढून टाकलेला. असा राग फार वाईट. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. बंद दाराला काय सांगणार? चैत्र अर्धा सरला. रोज दुपारी वारा येऊन बाल्कनीतले कपडे हलवून जात होता, आणि फळी खाली पार्किंगमध्ये चादर पांघरून पडली होती. तिच्यासाठी दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. दोघांनाही उदयसिंहांनी हाकलून दिलं, एकाला भाव पाडून मागितला म्हणून आणि दुसऱ्याला भाव न पाडता मागितला म्हणून.

मग संकष्टी आली. सुनयनावहिनी उपाशी होत्या, आणि उपाशी माणसाची भीड संपलेली असते.

दुपारी जेवताना उदयसिंह म्हणाले, "ती फळी ह्या हप्त्यात जायाला पायजे."

बंद दार उघडलं. "चुकीच्या जागी उतरलात तुम्ही, आणि फळी विकायची माझी?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"जागा चुकीची न्हवती. वारं हरामी निगालं."

"वारं तुमचं ऐकत न्हाई," सुनयनावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "म्हणून पोरीनं ऐकायचं का?"

"तू मधी पडू नगंस!"

"तीस वर्षं मधेच हाय मी. पडायची न्हाई."

आम्ही कान लावून ऐकत नव्हतो. मान्यांच्या घराला कान लावावे लागत नाहीत. पण यापुढचं ज्ञानेश्वरी इतक्या हळू बोलली की सगळा जिना आपोआप गप्प झाला.

"पप्पा, खळ्यावर भुसकट लांब गेलं की काम झालं. खरंय तुमचं. कारण ते कुणालाच परत नको असतं. पण मी काय भुसकट आहे का? मला परत यायचंय."

लिफ्ट बंद पडली होती, पण तिला कुणी दार ठोकून बोललं नाही.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला, आणि नळावरून उदयसिंहांचा. "पानी कवा हाय आज?"

"तीनला."

"मग बसलीस काय? वारं काय तुजी जेवनं हुस्तोर थांबनार हाय?"

फळी आम्ही चौघांनी धरून टेम्पोत चढवली. कुठे जायचं ते कुणी विचारलं नाही. नेरूळच्या जुन्या धक्क्याजवळ उदयसिंह पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. वारा सरळ छातीवर येत होता. त्याच्याकडे त्यांनी अशा नजरेने बघितलं, जशी ते उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकाकडे टाकतात. "हलकट तर हलकट," ते म्हणाले. "पोरीला मागं आनून टाक म्हंजे झालं."

आणि वाऱ्याने ते काम इमानाने केलं. ज्ञानेश्वरी उभी राही, दहा-बारा हात जाई, पडे, आणि फळीसकट पुन्हा बापाच्या पायाशी येऊन लागे. ती पडली की ते ओरडत. उठली की ओरडत. तिथे फिरायला आलेले एक सद्गृहस्थ सहानुभूतीने म्हणाले, "सारखी पडतेय हो मुलगी."

"पडू दे की! तुमच्या अंगावर पडली का?"

अमावस्या गेली, विनायकी गेली, पुन्हा पौर्णिमा आली. जमेल त्या दुपारी बापलेक धक्क्यावर. आमच्यापैकी दोघं-तिघं सोबत असायचेच. टीव्हीवर एवढं काही नसतं. ज्ञानेश्वरी आता लांबवर जाऊ लागली होती. पण वळणं जमत नव्हतं. शीड पलीकडे टाकायचं, पावलं डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यायची आणि फळीचं तोंड घराकडे फिरवायचं, इथे प्रत्येक वेळी ती पाण्यात. दक्षिणेला ढग दिसायला लागले. वारा मधूनच फिरू लागला. वैशाखातली संकष्टी आली, आणि त्यानंतर सरळ वाऱ्याची अशी दुपार पुन्हा मिळेल याची खात्री कुणी देईना.

ती निघाली. नेहमीच्या जागेपर्यंत गेली, आणखी पुढे गेली. काठाशी उदयसिंहांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून शिकवायला सुरुवात केली. आयुष्यात एकदाच फळीवर चढलेला आणि वळायचं राहून गेलेला माणूस.

"आता! आता वळ! आगं डावीकडं! डावं, डावं! तुजं डावं, माजं न्हाई! पाय उचल! त्यो न्हाई, त्यो दुसरा!"

तिकडून तिने मान वळवली. बापाचाच गळा तो. पाण्यावरून स्वच्छ आला.

"पप्पा, गप्प बसा! तुमच्या ओरडण्यात मला वारा कळत नाहीये!"

उदयसिंह गर्रकन आमच्याकडे वळले.

"गप बसा की रं सगळी! पोरीला वारं कळंना झालंय!"

आम्ही मघापासून गप्पच होतो. तरी अपराधी चेहरे करून आणखी गप्प झालो. धक्क्यावरच्या भेळवाल्याने चुरमुरे हलवायचे थांबवले. वारा तेवढा चालू होता, एकसारखा, तोंडावर.

तिकडे ज्ञानेश्वरी क्षणभर नुसती उभी राहिली. शीड तिरपं झालं, पाण्याला टेकतंय की काय असं वाटलं. तिची पावलं डोलकाठीच्या पुढून पलीकडे गेली. शीड हवेत मोकळं फडफडलं, मग दुसऱ्या बाजूने भरलं. फळीचं नाक हळूहळू फिरत आमच्याकडे झालं.

जयप्रकाशांना राहवेना. त्यांनी टाळी वाजवली. एकच वाजली, कारण दुसरीसाठी वेगळा झालेला हात उदयसिंहांनी हवेतच मनगटाला धरून ठेवला होता, बटाट्याच्या गोणीएवढ्या पकडीत. डोळे तिकडे पाण्यावरच होते आणि आवाज, त्यांच्या मानाने, कुजबुजीचा होता.

"टाळ्या कशाच्या वाजवता? आजून आली न्हाई ती. येऊ द्या की आदी!"